हात खाली आल्यावर

पाण्याची क्लिप उघडली आणि भावनाचा हात माउसवरच थांबला. पडद्यावर विकीने अंगठा ओठांशी नेला, मान जराशी मागे टाकली, आणि मग त्याचा हात खाली आला. बस्स, एवढंच. पण अकरा वर्षांत तिने तो हात खाली आलेला पाहिलाच नव्हता. संस्थेच्या साइटवर ‘पाणी’ या शब्दासमोर विकी अकरा वर्षं नुसता पाणी पीत होता. अंगठा ओठांशी, मान मागे, पुन्हा अंगठा ओठांशी. थांबणं त्याला माहीतच नव्हतं, कारण थांबणं भावनाने कापून टाकलेलं होतं. आता मूळ चित्रीकरणात तो हात मांडीवर येऊन पडला, बोटं उगीच चाळवली, आणि विकीने कॅमेऱ्याच्या जरा वर, म्हणजे तेव्हा जिथे ती उभी होती तिथे, पाहिलं. माजिवड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात भरदुपारी तिला कुणीतरी मागून खांद्याला हात लावावा तसं झालं. तिने क्लिप बंद केली. मग पुन्हा उघडली.

काम तसं साधं होतं. संस्था कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेचा शब्दकोश चालवायची. सहाशे बारा शब्द, प्रत्येक शब्दासमोर एक हलणारं चित्र. दोन हजार तेराच्या दिवाळीच्या सुट्टीत भावनाने ते सगळे शब्द आपल्या धाकट्या भावाला समोर बसवून चित्रित केले होते. विकी जन्मापासून बहिरा. खुणा त्याच्या हातात अशा काही यायच्या की बघत राहावं. तेव्हा सगळीकडे जिफ, म्हणजे आपोआप फिरत राहणारी छोटी चित्रं, चालायच्या. नेट मंद, म्हणून तीन फ्रेममधली एकच ठेवायची, रंग उतरवायचे, आणि शेवट असा छाटायचा की शेवटची फ्रेम पहिलीला चिकटली पाहिजे, म्हणजे चित्र अखंड फिरत राहतं. हे छाटण्याचं काम भावनाने दोन महिने केलं होतं. आता त्याच जिफ जड झाल्या होत्या. गावाकडच्या शाळांतल्या स्वस्त फोनवर पान उघडता उघडायचं नाही, आणि गंमत अशी की तोच शब्द छोट्या फिरत्या व्हिडिओत बसवला तर दहाव्या हिश्श्यात मावत होता. विनिता मॅडम संस्था चालवायच्या. त्याआधी तीस वर्षं त्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी बजावलं होतं, “जिफवरूनच व्हिडिओ करू नकोस हं भावना. त्यात बोटं धड दिसत नाहीत. मूळ चित्रीकरण शोध.” ते कळव्याच्या घरी कपाटात, एका जुन्या हार्ड डिस्कमध्ये निघालं. नव्या व्हिडिओंनाही शेवट छाटावा लागणारच होता. पुन्हा तेच काम, त्याच हातांनी. फक्त या वेळी तिने छाटण्याआधी पाहिलं.

पहिल्या तीसेक क्लिपांमध्ये विशेष काही नव्हतं. विकी नाक खाजवायचा, मागच्या निळ्या पडद्याकडे वळून बघायचा, शर्टाची कॉलर नीट करायचा. पंचवीस वर्षांचा, कोवळी मिशी राखलेला. पण प्रत्येक शब्द झाल्यावर तो एकदा वर बघायचा, आणि कॅमेऱ्यामागून एका बाईचा आवाज यायचा, “हो, हो. चल, पुढचा.” हा आवाज आपला आहे हे भावनाला दोन-तीन क्लिपा गेल्यावर लक्षात आलं. जिफला आवाज नसतो. ती त्या खोलीत होती आणि बोलत होती, हे सहाशे बारा शब्दांपैकी एकानेही कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती उठली, पँट्रीत गेली, ग्लासभर पाणी प्यायली, खिडकीतून खालच्या उड्डाणपुलावर अडकलेले कंटेनर बघत उभी राहिली. कशाने एवढं बेचैन व्हायचं? जुना व्हिडिओ बघितला की होतंच असं. ती परत येऊन बसली आणि तिला दिसलं की आपला डावा अंगठा आपल्याच ओठांशी गेलेला आहे.

‘भाजी’, ‘भात’, ‘मीठ’. मिठाच्या क्लिपनंतर विकीचे हात खाली आलेच नाहीत. शब्द संपल्यावर ते छातीपाशी थांबले आणि भराभर काहीतरी बोलू लागले. चार-पाच सेकंद. मग तो थांबला, भुवया उंचावून बघत राहिला. “हो, हो. पुढचा.” त्याच्यानंतरच्या क्लिपमध्ये पुन्हा तसंच. ती पुढे पुढे उघडत गेली. दिवस पहिला, दिवस दुसरा. कुठे दोन सेकंद, कुठे दहा. सगळीकडे शब्दाच्या मागे एक शेपूट होतं आणि ती सगळी शेपटं तिने स्वतः, एकेक करून, छाटून टाकली होती. तेव्हा तिने ती पाहिली नव्हती का? पाहिली तर असणारच. छाटायची जागा बघितल्याशिवाय छाटता येत नाही.

तिला खुणांची भाषा येत नव्हती. हे ती ऑफिसात कुणाला कधी सांगायची नाही. सहाशे बारा शब्द तिला पाठ होते, पण फाइली पाठ असाव्यात तसे. एकेक सुटा, पुढचा मागचा काही नसलेला. घरात ही भाषा नव्हतीच. विकी तीन वर्षांचा असताना ठाण्याच्या एका डॉक्टरने सांगितलं होतं, हातवारे करू देऊ नका, सवय लागली तर पोरगा कधी बोलणार नाही. मग जेवताना बाबा त्याचे दोन्ही हात आपल्या एका पंज्यात धरून ठेवायचे. काळुराम पाटील लहानपणी मिठागरात राबलेले, पंजा दगडासारखा. “बोल. तोंडान बोल. ‘पानी’ बोल.” विकी घशातून कसलासा आवाज काढायचा आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, रागाने की मायेने ते कळायचं नाही. खरी भाषा विकीला डोंबिवलीला मिळाली, विशीत, बहिऱ्या मुलांच्या एका मंडळात. तिथून तो घरी आला की त्याचे हात गरम असायचे. घरात मात्र जेव, ये, आंघोळ, नको एवढंच. बाबांसाठी मिशी पिळायची, आईसाठी कपाळावर बोट टेकवायचं. लिहून बोलायचा तो थोडे दिवस. पण त्याचं मराठी उलटंसुलटं यायचं, आणि एकदा चुलत बहिणीच्या हळदीत त्याची चिठ्ठी भावनाने सगळ्या पोरींना मोठ्याने वाचून दाखवली. ‘मी काल उद्या बाजार जातो आहे होता.’ पोरी हसून लोळल्या. विकीला ऐकू आलं नव्हतं, पण हसणारी तोंडं ओळखायला कान लागत नाहीत. त्यानंतर त्याने तिला कधी चिठ्ठी लिहिली नाही.

चार वाजता तिने एका खिडकीत क्लिप आणि दुसऱ्या खिडकीत शब्दकोश उघडला. विकीची बोटं थांबवायची, आणि तसेच हात असलेला विकी सहाशे बारांत शोधायचा. भावाचं बोलणं भावाच्याच जिफ लावून वाचायचं. परक्या मुलुखात पत्ता विचारत जावं तसं चाललं होतं. ‘मीठ’नंतरचं पहिलं वाक्य लावायला चाळीस मिनिटं गेली. मी. मुलगी. भेट. डोंबिवली. पुढच्या क्लिपमध्ये: ती, माझ्यासारखी, कान नाही. मग हसणं आलं. नातेसंबंधांचे शब्द घेतले त्या चौथ्या दिवशी, ‘बाबा’ या शब्दाची शास्त्रशुद्ध खूण करून झाल्यावर विकीने घरातली खूण केली, मिशी पिळली, आणि मग: तू, बाबा, सांग. ‘सांग’ ही खूण शोधायची गरज पडली नाही. तिला ती पाठ होती, फाइल दोनशे नव्वद.

आणि मग ‘लग्न’. ही क्लिप उघडायला ती बराच वेळ धजेना. दोन्ही हात गळ्याशी, हार घातल्यासारखे. जिफमध्ये विकी अकरा वर्षं हार घालत होता. चित्रीकरणात हार घालून झाल्यावर त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाजूच्या मोकळ्या हवेत एक बोट दाखवलं, तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं, आणि पुन्हा हार घातला. मिशी पिळली. सांग. भुवया उंचावल्या. आणि कॅमेऱ्यामागचा आवाज म्हणाला, “हो, हो... नाही गं, तुला नाही, भाऊ आहे समोर. रविवारी येतायत ना नक्की? आईला पुरणपोळी करायला सांगते. हो, हो.” त्या ‘हो’बरोबर भावनाची मान हलली असणार. विकीचा चेहराच सांगत होता. तो असा उजळला की त्या निळ्या पडद्यासमोर कुणी दिवा धरावा. त्याने दोन्ही हात जोडले. मग तो पुढच्या शब्दासाठी ताठ बसला.

रविवारी भिवंडीकडचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. ती अठ्ठावीसची होती. त्याआधीची तीन स्थळं ‘भाऊ मुका आहे ना, म्हणजे रक्तात असेल’ म्हणून फिरलेली, हे तिने कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. हेही फिरलं. आणि चार महिन्यांनी विकी एका सकाळी निघून गेला. कल्याणला नोंदणी करून त्याने लग्न केलं, मुलीचं नाव जया, तीही बहिरी. घरी पेढे आले तेव्हा कळलं. बाबा खाली ओट्यावर बसून राहिले. ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, “मना इचारला पन नाय त्यान.” पुढे पाच वर्षं, मरेपर्यंत, हे एकच वाक्य त्यांनी वेगवेगळ्या वेळी म्हटलं. आणि विकी? तो बाबांना भेटायला कधी आला नाही. गेले तेव्हा आला, स्मशानात लांब भिंतीशी उभा राहिला. गणपतीत दहा मिनिटं येतो, आईच्या पाया पडतो, ताटाला हात लावत नाही. जया कधी आली नाही, आणि तिला कुणी बोलावलंही नाही. भावनाला वाटायचं, तिरसट आहे, पहिल्यापासूनच. आता तिला कळत होतं की त्याच्या लेखी सगळं सरळ होतं: बहिणीने हो म्हटलं, बहिणीने बापाला सांगितलं, बापाने नकार दिला. चार महिने वाट बघून तो गेला. जो नकार बाबांनी कधी दिलाच नव्हता तो विकी अकरा वर्षं उराशी धरून बसला होता.

“काय गं, तब्येत बरी नाही का?” विनिता मॅडम दारात होत्या. भावनाने स्क्रीन झाकायला हात उचलला आणि तसाच ठेवला. मग तिने क्लिप मागे घेतली आणि न बोलता लावली. मॅडमनी उभ्याउभ्याच पाहिली. संपल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

“हे मूळ चित्रीकरणातलं?”

“हो. मला नीट कळत नाहीये मॅडम. ‘बाबांना सांग’ असं सांगतोय का तो? हुकूम केल्यासारखं?”

“नाही गं. भुवया बघ ना. वर आहेत, मान पुढे आहे. प्रश्न आहे हा. ‘सांगशील का?’ विचारतोय तो तुला.” मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. “आणि तू हो म्हणालीस.”

“मी फोनवर होते.”

“ते त्याला कुठून कळणार?”

भावनाने मग विकीचं जाणं, बाबांचं ते एकच वाक्य, सगळं त्यांना सांगितलं. खाली सिग्नल सुटला असावा, सगळे हॉर्न एकदम उठले. मॅडम म्हणाल्या, “सांगून काय मिळणार आता, हाही विचार कर. वडील नाहीत. आज त्याच्याकडे निदान राग तरी आहे. तोही काढून घेतलास तर त्याच्या हाती काय उरेल?” त्या वाईट बाई नव्हत्या. तीस वर्षं मुक्या घरांची भांडणं त्यांनी सोडवली होती, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण भावनाच्या मनात दुसरंच काहीतरी वळवळत होतं, जे तिने मॅडमना सांगितलं नाही. गळ्यात हार घालायची खूण कळायला भाषा कशाला लागते? लहान पोरालाही कळेल ती. फोनवर होते हे खरं. पण छाटताना? दोन महिन्यांनी, शांतपणे, एकटीने बसून, ‘लग्न’चा शेवट छाटताना? तेव्हा फोन नव्हता. तेव्हा ते स्थळ अजून फिरलं नव्हतं, निरोप यायचा होता, आणि घरात दुसरा बहिरा माणूस येतोय हे त्या दिवसांत कुणाच्या कानावर जायला नको होतं. असा विचार तिने केला होता का? आठवत नव्हतं. तिने आठवणीचा तो दिवस पुढेमागे करून पाहिला. तिथेही कुणीतरी नेमकं छाटून ठेवलेलं होतं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी. विकी तिथल्या छापखान्यात होता. शुक्रवारी सकाळी अकराला भावना कोपरला त्याच्या घरी गेली, लॅपटॉप घेऊन. बेल दाबली की आत दिवा लागायचा. दार जयाने उघडलं. बुटकी, चष्मा, हाताला कणीक. ती गोंधळली, मग बाजूला झाली. विकी बनियनवर होता. त्याच्या मिशीत पांढरं आलं होतं. त्याने ‘आई?’ विचारलं, कपाळावर बोट टेकवून, घाबरून. भावनाने मान हलवली: आई बरी आहे. मग तिने लॅपटॉप टेबलावर उघडला आणि ‘लग्न’ लावलं.

तो बघत राहिला. जया मागे येऊन उभी राहिली, आणि विकीने हवेत जिथे बोट दाखवलं होतं तिथे आपण होतो हे कळून तिने कणकेचा हात तोंडावर ठेवला. क्लिप संपली. विकीने खांदे उडवले: मग? माहीत आहे की मला. भावनाने हात वर केले. घरून निघाल्यापासून ती मनातल्या मनात वाक्य जुळवत आली होती, पण आता हात लाकडाचे झाले. मी. फोन. तू, बोल, मी, बघ, नाही. बाबा, सांग, नाही. शब्द सुटे सुटे पडत होते, फाइलींसारखे. विकीच्या कपाळाला आठी पडली. त्याने तिला थांबवलं आणि हळू, लहान पोराला विचारावं तसं विचारलं: तू, बाबा, सांग, झालं? तिने मान हलवली: नाही. बाबा, नाही म्हणाले? तिने पुन्हा मान हलवली: नाही. बाबा, माहीत, नाही. आणि मग, कारण एवढं सांगून थांबणं म्हणजे परत छाटणंच झालं असतं, तिने पुढचंही सांगितलं: नंतर मी बघितलं. कदाचित बघितलं. ‘कदाचित’ ही खूण शब्दकोशात नव्हती. तिने तळहात दोन्हीकडे उलटापालटा करून दाखवला.

विकी उठला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे आता कुणी काही बोललं तरी त्याला ते बघायचं नव्हतं. त्याच्या घशातून तो जुना, जेवणाच्या वेळचा आवाज निघाला. मग त्याने शर्ट घातला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. भावना उठायला लागली तर जयाने तिचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. चहा केला. दोघी समोरासमोर बसून प्यायल्या. जयाच्या डोळ्यांत राग होता आणि तिने तो लपवला नाही. पण कप रिकामा झाला तेव्हा तिने तो पुन्हा भरला. दीड तास गेला. विकी आला नाही. भावना परत निघाली तेव्हा जयाने दाराशी तिला थांबवून एक लांब वाक्य सांगितलं, आणि त्यातलं भावनाला काहीही कळलं नाही.

पुढचा आठवडा तिने काम केलं. चारशे क्लिपा झाल्या. शेवट छाटायचाच होता, छाटलाही. पण मूळ चित्रीकरण तिने दोन ठिकाणी उतरवून ठेवलं. जेवताना, रिक्षात, बाजारात तिचे हात गुडघ्यावर चाळवत राहायचे. आई, गोदूबाई, म्हणाली, “काय गो, हाताना मुंग्या आल्यान का?” भावनाने आईला काही सांगितलं नव्हतं. दर वेळी फोन वाजला की ती दचकायची, जणू विकी फोन करणार होता.

तो शुक्रवारी आला. सकाळी, गणपती नसताना, सण नसताना. कळव्याच्या घराच्या दारात उभा. आई भाकऱ्या थापत होती, पीठ तसंच हाताला. तो आत आला, आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसला, आणि बोलायला लागला. घरातल्या चार खुणांत नाही. त्याच्या स्वतःच्या भाषेत, भरधाव, सगळा चेहरा हलवत. आई त्याच्या हातांकडे बघत राहिली. तिने ते हात असे मोकळे कधी पाहिलेच नव्हते. मग ती भावनाकडे वळली. “काय सांगतं गो त्यो?”

भावना त्याच्या शेजारी नाही, त्याच्या समोर जाऊन बसली, जिथून त्याच्या भुवया दिसतील. “हळू,” तिने खूण केली. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि हळू केलं.

“म्हणतोय...” तिने त्याच्या हातांवरून नजर काढली नाही. “म्हणतोय, मला वाटलेलं बाबा नको म्हणाले. म्हणून मी गेलो. बाबा नको म्हणाले नव्हते, हे मला आत्ता कळलं. हिने सांगितलं नव्हतं बाबांना. मी हिला सांगितलेलं, आणि हिने सांगितलं नाही.” तिने त्यातलं काही गाळलं नाही. “म्हणतोय, बाबांना विचारायचं राहिलं.”

आईच्या हातावरचं पीठ वाळत चाललं होतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. तिने आधी भावनाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्या पाहण्यात काय होतं ते भावनाला पुढे पुष्कळ दिवस सोसावं लागणार होतं. मग ती विकीकडे वळली, पिठाच्या हातानेच त्याची हनुवटी धरली. “बाप नाय तर मी हाय ना. मंग आथा मना इचार. सांग गो त्याला.”

भावनाने सांगितलं. विकी हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडला. छत्तीस वर्षांचा माणूस, अकरा वर्षं संसार केलेला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, ताठ बसला, आणि विचारलं. हार, छातीवर बोट, शेजारच्या मोकळ्या हवेत एक बोट. भुवया वर.

हे भाषांतर करून सांगावं लागलं नाही. गोदूबाई पदर सावरून बसली, चारचौघांसमोर बसावं तशी. “अशी कशी हो बोलू?” ती म्हणाली. “पोरीला बगल्याबगर? कुठं हाय ती?”

विकीने खिडकीकडे बोट केलं. भावना उठून गॅलरीत गेली. खाली गेटपाशी, लावलेल्या स्कूटरला टेकून जया उभी होती; चष्मा, हिरवी साडी, हातात पिशवी, नजर रस्त्याकडे. वर यायला तिला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून ती आली नव्हती. भावनाने हाक मारायला तोंड उघडलं, तसंच मिटलं, आणि चपला न घालता जिना उतरायला लागली.